एका रोपाचं एक पान

ब्रिस्टलला आमच्या घरामागची टेकडी उतरलं की एक छोटं रान लागायचं. मार्चमध्ये तिथे झाडांखाली रानलसूण उगवायचा. त्याची पानं शेजारच्या आजोबांनी मला पहिल्यांदा खायला दिली. नियमही त्यांचेच. एका रोपाचं एकच पान घ्यायचं, गड्ड्याला हात लावायचा नाही, आणि यंदा जिथे खुडलं तिथे पुढच्या वर्षी फिरकायचं नाही. बी पडल्यापासून फुलं यायला त्याला कित्येक वर्षं लागतात, ते सांगायचे. ओढ्याकाठचा एक तुकडा तर त्यांनी आणि त्यांच्या बायकोने जपलेला. ती गेल्यावर ते एकटेच जपत होते. तो त्यांनी फक्त मला दाखवला, आणि मला केवढी मिजास चढली!

त्या मिजाशीतच मी तो आईला दाखवला. ती पुण्याहून माझ्या बाळंतपणाला आली होती. बाळ तीन महिन्यांचं झालं तशी ती कंटाळली. घरातली सगळी कामं यंत्रं करायची, तिच्या हाताला काही उरलंच नव्हतं. तिचं लहानपण मळ्यात गेलेलं. ती हिरवळ बघून तिचा चेहरा खुलला. नियम मी तिला सांगितले, पण घाईघाईत, बाळ रडत असताना.

दोन दिवसांनी सकाळी ती एकटीच गेली आणि लसणाच्या चांगल्या मोठ्या चार जुड्या घेऊन आली. मुळांसकट उपटलेल्या, दोऱ्याने बांधलेल्या, मंडईत मेथी मिळते तशा.

"मुळं असली की भाजी टवटवीत राहते," ती कौतुकाने म्हणाली.

माझा राग वाईट. आई असो की आणखी कुणी, एकदा तोंड सुटलं की सुटलं.

"आई, अगं ते वाइल्ड आहे, कुणाची भाजी नाहीये! मंडई वाटली का तुला ती? त्या आजोबांना मी आता काय तोंड दाखवू?"

 तिने दोरे सोडले, रोपं टबात ठेवली, कोट चढवला. "परत लावून येते," म्हणाली. मी सोबत गेले नाही. दोन तासांनी ती आली तेव्हा नखांत माती होती आणि साडी गुडघ्यांपर्यंत भिजली होती. त्यानंतर भारतात परत जाईपर्यंत ती एकटी घराबाहेर पडली नाही.

आजोबांना मी सगळं सांगून टाकलं. "नेव्हर माइंड, माय लव्ह," ते म्हणाले, पण माझ्याकडे न बघता. उन्हाळ्यात ते लेकीकडे राहायला गेले. ओढ्याकडे जायची मला लाज वाटायची, म्हणून मी गेलेच नाही.

पुढे दर मार्चमध्ये, रविवारी फोन कार्डावरून मी फोन केला की आई विचारायची, "लसूण आला का गं वर?"

"आला," मी न बघताच सांगायचे.

"हो का? बरं झालं," ती म्हणायची. पुढच्या रविवारी पुन्हा तोच प्रश्न.

तीन वर्षांनी जानेवारीत आई गेली. मार्चमध्ये मी लेकीचा हात धरून ओढ्याकाठी उतरले.

लसूण आला होता. सहा सरळ ओळींत, दोन रोपांत वीतभर अंतर, मळ्यातल्या वाफ्यात लावतात तसा. त्या रानात दुसरं काहीच असं सरळ उगवलेलं नव्हतं. मी तिथेच चिखलात बसून रडले.

म्हणजे मी तिला सांगत होते ते खरंच होतं. पण मी बघून आलेली नाही, हे तिला माझ्या आवाजावरून कळत असणार. नाहीतर तिने पुन्हा पुन्हा विचारलं नसतं.