आधी रोग्याला विचारा, मग शेजाऱ्याला

युद्धाच्या वर्षी डॉ. कुमुदताई आमच्या कारखान्याच्या दवाखान्यात रुजू झाल्या, तेव्हा मी तिथे कार्डिओग्राम काढत असे. शाळा सातवीपर्यंत; पट्ट्या वाचायला शिकलो ते बघून बघून. पहिल्याच आठवड्यात बाईंनी दोन पट्ट्या पुढे ठेवल्या. "भाऊ, फरक सांगा." मला दोन्ही सख्ख्या बहिणींसारख्या दिसल्या. बाई म्हणाल्या, "मलाही. म्हणून तर भीती वाटते."

हृदयाची धाव, म्हणजे ठोक्यांचा बेफाम वेग, वरच्या कप्प्यातून सुटली, तर बहुधा औषधाने आवरते. खालच्या कप्प्यातून सुटली, तर तेच औषध घात करू शकतं. आणि वरची कधीकधी खालचीचा वेष घेऊन येते. "पट्टी अर्धंच सांगते," बाई म्हणत, "उरलेलं माणूस सांगतो." आधी छातीत कळ येऊन गेली असेल, तर खालचीच धरून चालायचं, हा त्यांचा नियम.

घमापूर वस्तीतले माझे शेजारी गणपतराव आमच्याच कारखान्यात तोफगोळ्यांच्या खात्यात होते. एका रविवारी अंगणात छाती धरून बसले, घामाने चिंब. दवाखान्याचं नाव काढताच उखडले. "काहून? हलक्या कामावर टाकतील मला. लढाई चालून राहिली अन् मी काय झाडू मारू? कोणाला बोललास तर बघ!" मी कबूल झालो. त्या दिवसांत सगळेच दुखणं लपवत.

दहा दिवसांनी त्यांना खात्यातून उचलून आणलं. नाडी इतकी धावत होती की मोजता येईना, तरी तोंड चालूच. "कुछ नहीं बाई, चहा जास्त झाला."

"आधी कधी छातीत दुखलं होतं?"

"नाही जी." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या हातापायांना कार्डिओग्रामचे पट्टे बांधत राहिलो.

बाईंनी वरची धाव समजून इंजेक्शन दिलं. तासाभरात गणपतराव गेले.

मग मी बाईंना त्या रविवारचं सगळं सांगितलं. बाईंनी पेन उचललं. केसपेपरावर लिहिलं, 'निदान चुकलं. विचारणं अपुरं पडलं.' खाली सही एकट्या त्यांची. चौकशीत माझं नाव त्यांनी येऊ दिलं नाही. गणपतरावांच्या घरी मात्र मला सोबत नेलं. "वहिनींना तुम्ही सांगा. तेवढं ओझं मी उचलणार नाही." मी सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "मलाही शपथ घातली होती, भाऊजी."

तेव्हापासून रोग्याला विचारून झालं की बाई बाहेर बाकावर बसलेल्यांनाही विचारत. त्यांच्या हाताखालच्या डॉक्टरांनी ही सवय उचलली. ती कुठून आली, ते आज त्यांच्या पंचाहत्तरीला पहिल्यांदा लिहितो आहे.

परवा फिरायला जाताना बाई माझ्या दारात थबकल्या, हात छातीशी. "कोणाला बोलू नका, भाऊ." त्या पुढे गेल्या आणि मी लगेच त्यांच्या लेकीला फोन केला. बाई अजून रागावलेल्या आहेत. असू देत. असंच माझ्यावर रागावत त्यांनी शंभरी गाठावी, एवढंच मागणं.