शाळेच्या वाटेवर आई

आमचं घर काळेवाडीत, पवनेच्या काठाला. मुलींनी चौथीपर्यंत शिकायचं आणि मग शेताला लागायचं, अशी तेव्हा रीत होती. पुढची शाळा नदीपलीकडे चिंचवडला. माझी चौथी झाली, तेव्हा स्वतः निरक्षर असलेल्या आईने मला आणि शेजारच्या मैत्रिणीला तिथे पाचवीत घातलं. मैत्रीण माझ्याहून हुशार. वडील खडकीच्या कारखान्यात होते. ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

थोरले चुलते मात्र भडकले. ओट्यावर उभे राहून ओरडले, "पोरी नदीपल्याड धाडतीस? भावकी तोंडात शेण घालंल. पुन्यांदा गेली तर तंगडं मोडीन!"

आई पदर सावरून म्हणाली, "मोडायचं तर माझं मोडा, दादा. पोर शाळंला जाणार हाय."

तेव्हापासून ती रोज आम्हाला पोचवायला येऊ लागली.

दिवाळीनंतर एका सकाळी, नदीच्या उताराजवळ, भावकीतले दोघे काठ्या घेऊन ज्वारीतून आडवे आले. आईने आम्हाला पाण्याकडे ढकललं. "पळा! मागं बघू नका!"

गुडघाभर पाण्यातून आम्ही पळालो. मागून तिची किंकाळी ऐकू आली. त्या दिवशी शाळेत काय शिकवलं, काही आठवत नाही.

शाळा सुटली तर आई दारात उभी. उजवा हात फडक्याच्या झोळीत, ओठ पांढरे पडलेले.

"दुखतंय का गं?"

"न्हाई. चल."

वाटभर ती कण्हत होती. हाड बसवलं, पण हात वाकडाच राहिला. भाकरी थापणं सुटलं. वडिलांनी भावाशी बोलणं टाकलं, आणि सुट्टीच्या दिवशी घरात चूल पेटवू लागले. आई मला पोचवतच राहिली.

मैत्रीण मात्र पुन्हा आली नाही. आई तिच्या घरी गेली. तिची आई दाराआडून रडत म्हणाली, "नको बाई. आमाला भावकीत ऱ्हायचंय." उन्हाळ्यात तिला चिखलीला दिलं.

मी सातवी पास झाले, आणि तेव्हा तेवढ्या शिक्षणावर नोकरी मिळायची म्हणून पुढे शिक्षिका झाले. पहिल्या नेमणुकीला निघायच्या आधीच निरोप आला, मैत्रीण बाळंतपणात गेली, मूलही गेलं. आई भिंतीला टेकून खाली बसली. म्हणाली, "तिच्या दारात म्या एकदाच गेले. रोज जायाला पायजे व्हतं."