कडुलिंबावरचे डबे

मे महिन्यात सुट्टी घालवायला यवतमाळला कोण जातं? कुणीही शहाणं माणूस जात नाही. मी गेले, आणि तेही हौसेनं नव्हे. भावाची मुलगी मुक्ता तिथल्या कृषी महाविद्यालयात शिकत होती. शेवटची परीक्षा कधीच संपली, तरी पोरगी घरी यायचं नाव घेईना. "ताई, तू जा आणि कान धरून आण तिला," भाऊ म्हणाला. कान धरण्यात मी तरबेज आहे, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

धामणगावला रेल्वेतून उतरून एसटीत बसले. खिडकीतून येणारा वारा म्हणजे तापल्या तव्याची वाफ. शेजारच्या बाईंनी माझ्या उघड्या डोक्याकडे पाहिलं.

"कुठून आल्या बाई?"

"पुण्याहून. उन्हाची सवय आहे मला."

"पुण्याच्या?" त्या खळखळून हसल्या. "अवं, डोक्याले बांधा काई, ऊन लागन!" आणि पिशवीतला पांढरा दुपट्टा काढून त्यांनी स्वतःच माझ्या डोक्याला गुंडाळला. मी परत करायला गेले, तर त्या "राहू द्या" म्हणत आपल्या थांब्यावर उतरूनसुद्धा गेल्या.

बाहेर ऊन मी म्हणत होतं, पण महाविद्यालयाच्या फाटकातून आत शिरले आणि जीव निवला. दोन्ही बाजूंना कडुलिंब, खाली दाट सावली. मुक्ता धावत आली. रापलेली, ओल्या केसांची, आणि इतकी खूश की माझं ओरडणं घशातच राहिलं.

"आत्या, फक्त उद्याची सकाळ दे मला. मग तू म्हणशील त्या गाडीनं येते."

वसतिगृहामागे एक जुनी, पायऱ्यांची विहीर आहे. उन्हाळ्यातही न आटणारी. तिच्या काठच्या कडुलिंबावर पत्र्याचे गंजलेले डबे लटकत होते, आणि प्रत्येकावर रंगानं एकेक नाव. सुट्टीत मागं राहिलेल्या मुली पाठीला असा बंद डबा बांधून पोहायला शिकतात. ज्या दिवशी एखादी डब्याशिवाय काठावरून उडी मारते, त्या दिवशी तिचा डबा झाडावर चढतो.

"माझा गेल्या उन्हाळ्यापासून पाठीवरच आहे," मुक्ता म्हणाली. "शिक्षण संपलं. आता इथे येणं नाही. तो वर गेल्याशिवाय मला निघवत नाही गं."

परतीची गाडी दुसऱ्याच दिवशी दुपारची होती. म्हटलं, मार बाई उडी.

दुपार कशी सरली कळलंच नाही. व्हरांड्याची फरशी पाण्यानं भिजवायची, कूलरपुढे आडवं व्हायचं, माठातलं पन्हं प्यायचं आणि गप्पा हाणायच्या. मुक्ताची मैत्रीण सुनीता दिग्रसकडच्या तांड्यावरची (बंजारा वस्तीतली). मुलींना पोहायला शिकवणारी तीच. संध्याकाळी तिनं गोवऱ्या पेटवल्या आणि रोडगे (निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे) लावले. फोडून तुपात बुडवले आणि वर वांग्याचा रस्सा. अहाहा! माझं नाक वाहू लागलं, डोळे वाहू लागले.

"आत्या, तिखट लागून राह्यलं का?" सुनीतानं विचारलं.

"छे!" मी रडत रडत म्हटलं आणि आणखी एक रोडगा मागितला.

उजाडताच विहिरीवर गेलो. बाकीच्या मुली धपाधप उड्या मारत होत्या. मुक्तानं पाठीचा डबा सोडला, काठावर उभी राहिली, खाली पाहिलं आणि मागे आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. शेवटी पडेल आवाजात म्हणाली, "जाऊ दे आत्या. बॅग भरते मी."

तो चेहरा मला बघवेना. आणि मला वाईट वाटलं की राग येतो, हा माझा स्वभावच आहे.

"जाऊ दे काय? आण तो डबा इकडे! मला बांध. या वयात मी उतरते, बघ!"

गुडघ्याच्या वर पाण्यात मी जन्मात गेले नव्हते. सुनीतानं दोर बांधला. "भेता कायले? मी आहो न पाण्यात."

पायऱ्या उतरले, हात सोडला आणि चक्क तरंगले! काय सांगू, पंजाबी ड्रेस फुगलेला, वर निळं आभाळ, पाणी थंडगार. मला इतका आनंद झाला की मी जोरजोरात पाय झाडले. गाठ सैल झाली, डबा पाठीवरून सरकून कमरेखाली गेला, पाय वर आणि डोकं खाली. नाकातोंडात पाणी.

"मुक्ताऽ! मेले गं!"

सुनीतानं माझा दंड केव्हाच धरला होता. पण तेवढ्यात वरून धप्पकन आवाज आला. पाणी उसळलं आणि माझ्यासमोर मुक्ताचं डोकं वर आलं. "आत्या! कुठेयस?"

"ही काय, इथेच आहे," मी खोकत म्हटलं.

सुनीता किंचाळली, "अवं पोट्टे (मुली), डबा कुठी आहे तुया?"

मुक्तानं पाठ चाचपली. मग काठाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि हसत, रडत ती पायऱ्या चढून वर पळाली नि पुन्हा उडी मारली. मग पुन्हा. थांबेचना पोरगी!

निघायची वेळ झाली. सुनीता झाडावर चढून बसली होती. "दे वं डबा!"

मुक्तानं डबा उचलला, पण दिला नाही. "हा कसा वर जाईल? आता आत्याच्या पाठीवर आहे ना!"

"अगं वेडे, तू कुठे परत येणार आहेस इथे? संपलं ना तुझं?" मी म्हटलं.

"संपलं होतं," असं म्हणून तिनं डबा माझ्या हातात दिला.

पुण्यापर्यंत तो माझ्या मांडीवर होता. अर्धी गाडी विचारत होती, बाई, यात तूप आहे का? स्टेशनावर भाऊ म्हणाला, "आणलीस ना कान धरून?" उत्तर द्यायच्या आधी मी त्याच्या हातात डबा दिला. आता त्यावर मुक्ताच्या नावाखाली माझंही नाव रंगवलेलं आहे. रोज सकाळी तो पाठीला बांधून मी इथल्या तलावात उतरते. बायका हसतात, हसोत बापड्या. विहिरीकाठच्या झाडावरची एक फांदी सुनीतानं आमच्यासाठी मोकळी ठेवली आहे. येत्या मे महिन्यात मुक्ता आणि मी यवतमाळला निघालोय.