दारावरून परत गेलेली ढोलकी

काल रूथ, माझी बायको, नाताळच्या करंज्या तळत होती. त्या वासानं भोसरीतली आमची भाड्याची खोली आठवली.

लग्नानंतरचा पहिला नाताळ. कारखान्यातल्या भंगार पत्र्याची चांदणी मी स्वतः कापून दारावर टांगली आणि रात्रपाळीचा शीण घेऊन आडवा झालो. संध्याकाळी ढोलकीनं जाग आली; रूथ बाहेर होती. चर्चची मंडळी पाळकांसोबत नाताळची गाणी गात घरोघर फिरत होती. ढोलकी आमच्या दाराशी येऊन थांबली आणि आमच्यासाठी न वाजताच पुढच्या गल्लीत गेली.

दुसऱ्या दिवशी उपासना सुटल्यावर मी पाळकांना सगळ्यांदेखत अडवलं. "आमची खोली पत्र्याची, म्हणून गाणं नाही? येशू काय बंगल्यात जन्मला होता?"

पाळकांनी हात जोडले. "चुकलं आमचं, भाऊ."

रूथ शेजारीच खाली मान घालून उभी होती.

तो सल मी जपून ठेवला. वर्कशॉप टाकलं, पै पै जोडून बंगला बांधला. आता गाणी आधी माझ्या दारात होतात, तरी त्या पाळकांशी मी धड बोलत नाही.

काल पुन्हा तेच उगाळायला लागलो, तेव्हा हातातला झारा तसाच धरून रूथ म्हणाली, "अहो, मीच त्यांना परत पाठवलं होतं. तुमची झोपमोड झाली असती, तर सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडला असता. पाळकांना म्हटलं, ह्यांना सांगू नका."

मला तोंड वर करवेना. इतक्या वर्षांनंतरही, हे बोलण्याआधी तिनं माझा चेहरा नीट पाहून घेतला होता.