बावीस मिनिटांची हळद

सुरळीत चाललेल्या गोष्टीची वाट लावण्यात माझ्या मेहुण्याचा हात धरणारा माणूस अख्ख्या मुलुंडमध्ये सापडणार नाही. बायकोसमोर मी हे बोलत नाही, कारण तो तिचा सख्खा धाकटा भाऊ. पण आमचा स्का बँड बारा वर्षं झकास चालला होता की नाही? स्का म्हणजे मूळचं जमैकाचं नाचरं संगीत. गिटार ठेक्याच्या मधल्या फटीत चक-चक करते, वर ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन, आणि ऐकणाऱ्याचे पाय आपोआप हलायला लागतात. आम्ही हळदीची गाणी त्या चालीवर बसवली होती. गिटार त्याची, ट्रम्पेट माझा. ट्रम्पेट मला वडिलांनी शिकवला, ते मिलची पाळी संपली की वरातीत वाजवायचे. तालीम सासऱ्यांच्या बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीत. तिथल्या भिंतींतून अजून पीठ झडतं, त्यामुळे तालमीहून घरी येताना आम्ही सगळे पांढरेफटक असतो.

गेल्या वर्षी माझे वरचे पुढचे दोन दात गेले. डेंटिस्टने नवे बसवले, त्यांनी चणेसुद्धा खाता येतात, पण ट्रम्पेट वाजतो तो दातांच्या आधारावर. जलद काही वाजवायला गेलो की ओठ घसरतात आणि फुस्स करून हवा निघून जाते. बँडमध्ये मी हे कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दुसरा ट्रम्पेटवाला आला असता आणि मी समोर खुर्ची टाकून बसलो असतो. ही धास्ती जिवाला लागलेली असतानाच या गृहस्थाला अवदसा आठवली. "भावोजी, आता चक-चक बंद," तो एका तालमीत म्हणाला. "आता पोस्ट-रॉक. शब्द नाहीत, ठेका नाही, हळूहळू चढत जायचं. प्रयोग आहे."

प्रयोगाची सुरुवात आमच्या घरातून झाली. रविवारी मटण खायला आला आणि आवाज टिपायला मोबाईल आमच्या फ्रिजवर ठेवून बसला. चाळीस मिनिटं फ्रिजला हात लावायचा नाही. बायको म्हणाली, "अरे, दही काढायचंय मला." तर म्हणे, "थांब ना ताई, आत्ता कुठे रंगात आलाय तो." तो म्हणजे फ्रिज. मग लिफ्टचं दार झालं, वॉचमनची काठी झाली, एकदा कुकरची शिट्टी येण्याआधीचा आवाज हवा म्हणून त्याने तीन वेळा गॅस कमी केला आणि डाळ कच्ची राहिली. हाच माणूस माझ्या लग्नाच्या पंगतीत ताटावर चमच्याने चक-चक वाजवत बसला होता, भटजींनी दोनदा दटावलं तरी थांबेना. मला त्याने या नव्या संगीतात एकच सूर दिला. खालचा, लांब. "धरायचा, दम संपला की सोडायचा, परत धरायचा." वडिलांनी एवढं घासून शिकवलं आणि माझ्या वाट्याला एक सूर. तो घसरत नव्हता म्हणून मी मुकाट वाजवला, पण मनातून शिव्या रोज घातल्या.

मग दिंडोशीची हळद आली. बायका पदर खोचून नाचायला उभ्या, आणि याने बावीस मिनिटांचा प्रयोग काढला. नवव्या मिनिटाला नवऱ्याचा मामा अदबीने जवळ आला. "तुमचा चेकिंग झाला की सांगा हां, मगे नवऱ्याक घेवन येतंय." मेहुणा डोळे मिटूनच म्हणाला, "हेच आहे." मामा म्हणाला, "व्हय, पण गाणा कधी?" शेवटी त्यांनी आमची वाट बघणं सोडलं. आमचं संपलं तेव्हा नवऱ्याला हळद लागून त्याची अंघोळसुद्धा झाली होती.

टेम्पोत सामान भरताना आमचा ड्रमवाला, माझा जुना मित्र, धुमसत होता. त्याला साथ द्यावी म्हणून मी म्हटलं, "याच्या डोक्यात काय शिरलंय देव जाणे."

त्याने हातातला ड्रम खाली ठेवला. "याच्या डोक्यात? दात तुझे गेलेत ना रे. आम्हाला काय ऐकू येत नाही? नवा ट्रम्पेटवाला घेऊ म्हटलं, तर हा ऐकेना. म्हणाला, भावोजींना जमेल तेच वाजवायचं, नाहीतर बँड बंद. आणि तू त्यालाच बोल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तसाच मेहुण्याकडे गेलो आणि सरळ विचारलं. "तुमचे दात कोण बघतंय, भावोजी," तो खाली बघत वायर गुंडाळत म्हणाला. "मला हेच आवडतं. फ्रिजला विचारा." खोटं बोलताना तो वर बघत नाही, एवढं वीस वर्षांत मलाही कळलंय.

त्यानंतर हळदीचं बोलावणं आलेलं नाही. येणारही नाही, दिंडोशीची कीर्ती पसरायला वेळ लागत नाही. ड्रमवाला कुरकुरत का होईना, पण रविवारी गिरणीत येतो. मेहुणा खूण करतो, मी माझा सूर धरतो, भिंतीतून पीठ झडत राहतं. मध्येच कधीतरी त्याचा उजवा हात जुन्या सवयीने तारांवर उडतो, आणि चक व्हायच्या आत तो हात आवरून घेतो. मी पाहिलं हे त्याला कळू नये म्हणून मी भिंतीकडे बघतो, आणि दम संपला तरी सूर सोडत नाही.