पाण्यातल्या हाकेला ओ

मंडळी, दुपारपासून डोकं चालेना. कुणीतरी सांगा मला.

माझी भुताची कादंबरी तुम्हाला माहितीये. समुद्रकाठचं कोळ्यांचं गाव. बुडालेली सोळा वर्षांची पोरगी पाण्यातून घरच्यांना हाका मारते. ओ दिली की पाणी ओढून नेतं. म्हणून शेवटी सगळे कानात बोटं घालून बसतात आणि हाक थांबते.

आज दौंडच्या बाजारात मासे घ्यायला गेले. ओळखीच्या मामी मासे विकतात. त्यांची लेक गेल्या वर्षी भीमेत बुडाली, सापडलीच नाही. त्यांनीच विचारलं, "काय लिहितीस गं?" आणि मी मूर्खासारखी सगळं सांगून बसले.

मामींचा हात थांबला. "तिची आई बी ओ देत न्हाई व्हय?"

"दिली तर मरेल ना, मामी."

"मरू दे की! मी रोज नदीवर कान देऊन बसती. एकदा तरी हाक मारंल म्हणून." मग म्हणाल्या, "छापून आलं की वाचून दाखव."

घरी येऊन शेवट खोडलाय. आता आईनं ओ दिली असं लिहिलं, तर ते ऐकून मामी नदीत उतरतील. नाही लिहिलं, तर कुठल्या तोंडानं वाचून दाखवू?