भट्टीवरचे छप्पर

हौसामावशी बोलताना माणसाच्या तोंडाकडे बघत नसे. धुराकडे बघे. आमचे मोटारमालक शेठ असोत की जंगलखात्याचा साहेब, ती कोळशाच्या भट्टीकडे तोंड करून उकिडवी बसायची आणि आलेल्याने तिच्या पाठीशी बोलायचे. पहिल्या भेटीत मला याचा फार राग आला होता. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, पवन मावळात जाणाऱ्या एकुलत्या एका मोटारीचा ड्रायव्हर, अंगात खाकी कोट. आणि ही बाई मला पाठ दाखवून विचारते, "खिंडीत गाडी रडती का रं तुजी?"

गाडी रडत होती हे खरे होते. लढाईचे दिवस होते. पेट्रोल कूपनावर मिळायचे आणि तेही मोजके, म्हणून शेठनी मोटारीच्या मागे एक उंच लोखंडी बंब बसवून घेतला होता. त्यात कोळसा पेटवायचा, पंख्याचा दांडा पाव तास गरागरा फिरवायचा, मग त्याचा गॅस नळीतून इंजिनात जायचा आणि लहर लागली तर गाडी चालायची. खिंडीचा चढ आला की उतारू न सांगता खाली उतरत आणि पाठीमागून हात लावत. मी कपाळावर आठ्या घालून कोळशाचा एक तुकडा मावशीपुढे धरला. तिने तो दुसऱ्या तुकड्यावर आपटला आणि कान लावला. "ह्यो मुका हाय," ती म्हणाली. "कच्चा. ह्येच्यात लाकूड ऱ्हायलंय अजून. नळीत डांबर बसलं आसंल, बघ." मग स्वतःच्या ढिगातले दोन तुकडे तिने एकमेकांवर वाजवले. भांडे वाजावे तसा टण्ण आवाज आला. मी नळी उघडली तर आत बोटभर डांबर. त्या दिवसापासून आमच्या बंबात मावशीच्याच भट्टीचा कोळसा पडू लागला आणि माझा खाकी कोट थोडा सैल झाला.

तिची भट्टी लोहगडाच्या पायथ्याच्या रानात, रस्त्याला लागून होती. लाकडे रचायची, वर पाला, त्यावर माती लिंपायची, बुडाशी हवेला भोके ठेवायची आणि आत विस्तव सोडून द्यायचा. पुढे सात-आठ दिवस ती बाई भट्टीपासून हलत नसे. धूर पांढरा असला तर लाकूड अजून ओले, निळा झाला तर कोळसा होत आला. मधूनच उठून ती मातीवर तळहात टेकवायची आणि डोळे मिटून उभी राहायची. वैद्याने नाडी बघावी तसे ते दिसे. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हते. शेजारच्या झोपडीत ती आणि तिचा म्हातारा सासरा, दोघेच. सासऱ्याला ती आबा म्हणे. भट्टीची माती कुठे तडकली की चिखलाचा गोळा घेऊन आबा रांगत जायचा, कारण गुडघ्यांच्या दुखण्याने त्याला उभ्याने चालवत नसे.

माझी सासुरवाडी तिथून अर्ध्या कोसावर, मोटारीच्या शेवटच्या थांब्याला. अमीना, माझी बायको, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती, त्यामुळे मी रोज गाडी घेऊन तिकडे वेळेवर पोहोचू लागलो होतो. मावशीच्या हे ध्यानात आले होते. "इस्माल, गाडी आता कोळशावर न्हाई चालत," ती धुराकडे बघत म्हणायची, "बायकूच्या वढीनं चालती."

दिवाळी होऊन गेली होती, भात कापणीला आले होते. एका सोमवारी कामशेत स्टेशनवर मुंबईहून आलेल्या गार्डाने सांगितले की समुद्रात वादळ उठले आहे, बंदरावर धोक्याचा बावटा चढला आहे आणि तेलाचे जहाज बाहेरच थांबवून ठेवले आहे. वादळ कुठे फुटेल हे कुणालाच ठाऊक नव्हते. मंगळवारी वडगावात पंपावर पाटी लागली की उरलेले पेट्रोल फक्त सरकारी गाड्यांना. दुपारपर्यंत दुकानांतले रॉकेल संपले. रॉकेल संपले म्हणून लोक कोळशावर तुटून पडले आणि संध्याकाळी शेठ मला सांगू लागले की आपल्या वखारीतही चार टोपल्या उरल्यात. मी म्हटले, हरकत नाही, मावशीची भट्टी होत आली आहे, परतीचा कोळसा तिथे भरून घेईन. इतका बेफिकीर मी होतो.

बुधवारी आभाळ एका विचित्र तांबूस रंगाचे झाले होते आणि वारा मावळतीकडून सारखा रेटत होता. खिंड चढता चढताच चार टोपल्या खलास झाल्या, पुढे उतारावरून गाडी कशीबशी गावात आणली. त्या दिवशी तालुक्याच्या नर्सबाई गाडीत होत्या. त्यांनी अमीनाला तपासले आणि मला बाहेर बोलावले. तिच्या तोंडावर आणि पायांवर सूज होती, डोके सारखे दुखत होते. नर्सबाई हळू आवाजात म्हणाल्या की तीन दिवसांच्या आत हिला तळेगावच्या दवाखान्यात न्या. बैलगाडीचे मी विचारले. हे असले वादळ आणि ते दिवसभराचे धक्के तिला सोसणार नाहीत, असे त्या म्हणाल्या आणि स्वतः तिच्यापाशी थांबल्या. दारात मोटार उभी होती आणि तिच्या बंबात राख होती.

मी भट्टीकडे धावत गेलो. धूर निळा झाला होता. मावशी खालची भोके चिखलाने बुजवत होती. सगळे सांगून मी म्हटले, भट्टी आत्ता उघड.

"न्हाई," ती म्हणाली. "आत्ता उगाडली तर वारं लागून भडका उडंल. दोन दीस थंड व्हायला पायजेत."

मग कडेचा, अर्धवट झालेला कोळसा तरी दे, म्हणून मी तिच्या हाता-पाया पडलो. तिने मान हलवली. "मुका कोळसा घेऊन जाशील आन् खिंडीत गाडी बसंल. तितं ना घर ना दार. मग काय करशील तिला घेऊन?"

ती खरे बोलत होती आणि ते मला त्या क्षणी सहन झाले नाही. मी म्हणालो, "तुझ्या घरात लेकरू असतं तर तुला कळलं असतं." हे वाक्य मी बोललो आहे. आज पस्तीस वर्षांनी ते जसेच्या तसे लिहून ठेवतो आहे. मावशी धुराकडेच बघत राहिली. तेवढ्यात पहिले टपोरे थेंब भट्टीच्या मातीवर पडले आणि चर्र करून वाफ झाली.

पाण्याने माती वाहून गेली तर आत वारा शिरणार आणि सात दिवसांच्या लाकडाची राख होणार, हे मलाही कळत होते. मोटारीच्या टपावरची ताडपत्री मी आणली, ती अर्ध्या भट्टीलाच पुरली. गावात पेंढा मागायला माणूस धाडला, तर कापलेले भात खाचरांत भिजत पडलेले आणि सगळे गाव ते उचलायला धावलेले. मावशी उठली. तिने भट्टीकडे पाहिले, मग झोपडीकडे. झोपडीचे गवत दाट होते, वाकाच्या दोरांनी घट्ट बांधलेले, दोन पावसाळे काढलेले.

"चढ वर," ती मला म्हणाली.

तिच्या घराचे छप्पर मी माझ्या हातांनी उतरवले. खांब काढले, भट्टीभोवती रोवले आणि त्यावर गवत पसरून वरून दगड बांधले. मावशी खालून सांगत होती की मातीला टेकू देऊ नको, पेटेल. काळोख पडायच्या आत भट्टीला घर झाले आणि माणसांचे घर उघडे पडले. आबाला गावात माझ्या सासुरवाडीला न्यायला मी पाठीवर घेऊ लागलो तर तो येईना. तडा गेला तर लिंपणार कोण, म्हणाला. डोक्यावर इरले घेऊन तो भट्टीच्या अंगाला बसून राहिला.

गुरुवार आणि शुक्रवार मी अमीनाच्या उशाशी आणि भट्टीपाशी असा येरझाऱ्या घालत काढला. पाऊस आडवा येत होता. झाडे मोडत होती. अमीना अधूनमधून डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणायची आणि नर्सबाई माझी नजर टाळायच्या. भट्टीवर दर वेळी तेच चित्र दिसायचे. मावशी दोन्ही हातांनी छपराचा खांब धरून उभी आणि आबा चिखलाचा गोळा घेऊन रांगतोय. मी काही विचारायला गेलो की ती मातीवर तळहात ठेवायची आणि म्हणायची, "अजून न्हाई."  मला तिचा राग येत होता आणि तिच्याशिवाय जगात कुणाचा आधारही नव्हता.

शनिवारी सकाळी वारा पडला. मावशीने हात ठेवला, या वेळी बराच वेळ ठेवला. मग तिने कुदळ उचलली. आतून निघालेला पहिला तुकडा तिने दुसऱ्यावर आपटला आणि तो टण्ण वाजला. आम्ही गावापर्यंत पोती डोक्यावर वाहिली. बंब पेटला, गाडी सुरू झाली, रस्त्यात पडलेल्या फांद्या लोकांनी ओढून बाजूला केल्या. खिंड आम्ही एका दमात चढलो, कुणालाही खाली उतरावे लागले नाही. दुपारी अमीना दवाखान्यात होती. संध्याकाळी मुलगी झाली. दोघी वाचल्या.

दवाखान्यात अमीनापाशी राहून मी पुन्हा त्या रस्त्याला गेलो तो पंधरा दिवसांनी, कोळशासाठी. झोपडीवर नवे गवत होते, आबा दिसला नाही. वादळानंतर त्याच्या छातीत कफ भरला आणि आठव्या दिवशी तो गेला, हे मला गावात कळले होते. मी मावशीच्या मागे उभा राहिलो.  म्हणालो की माझ्यामुळे झाले.

तिने धुरावरची नजर काढली नाही. "मी न्हवते काडणार छप्पर," ती म्हणाली. "म्हातारं मानूस घरात, कसं काडू? तू ताडपत्री आनाया गेलास, तवा त्येनंच दारावरली पयली पेंडी उपसली. मला म्हनला, माजं किती ऱ्हायलंय, त्या पोरीचं सुरू व्हायचंय."

लढाई संपली. हळूहळू पेट्रोल मोकळे झाले आणि शेठनी मोटारीचा बंब काढून भंगारात घातला. आता कोळसा लागणार नाही, हे मावशीला सांगायचे काम माझ्यावर आले. एकट्याने जायचा धीर होईना, म्हणून अमीनाला आणि मुलीला बरोबर घेतले. मुलगी तेव्हा चालू लागली होती. मी कसेबसे सांगितले. मावशीने ऐकून घेतले. तिचे कोकणात कुणी भाऊबंद होते, ते भट्ट्या लावतात, तिकडे जाईन म्हणाली.

मग ती भट्टीकडे पाठ करून बसली. तिला तशी बसलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो. मुलीला जवळ ओढून तिने आपला काळा, भाजलेला तळहात तिच्या पाठीवर टेकवला आणि डोळे मिटले. पोर एरवी कुणाकडे थांबत नसे, पण हलली नाही. बऱ्याच वेळाने मावशीने डोळे उघडले आणि सरळ माझ्या तोंडाकडे पाहिले.

"पक्की हाय," ती म्हणाली.